लाजवर्दाविषयी तुम्ही विचारलंत

गेल्या अंकात कानातल्यांबद्दल लिहिताना मी लाजवर्दाचा, म्हणजे निळ्या लापिस लाझुलीचा, ओझरता उल्लेख केला होता. हा खडा सोन्यापेक्षा चांदीत जास्त खुलतो, एवढंच एक वाक्य. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर मी सगळं लाजवर्दालाच देते आहे. चौतीस वर्षं मी झवेरी बाजारामागच्या एका गल्लीत रत्नपरीक्षेच्या टेबलाशी बसले. दिवसभर हिरे-माणकं बघून डोळे शिणले की ड्रॉवरमधून लाजवर्दाचा एक बिनघडीव तुकडा काढायचा आणि दोन मिनिटं नुसता बघत बसायचं, अशी माझी सवय होती. तो तुकडा आजही माझ्याकडे आहे. तेव्हा या खड्याविषयी मी अलिप्तपणे लिहीन अशी अपेक्षा ठेवू नका.

ताई, जयपूरच्या सहलीत लापिस लाझुलीची माळ घेतली. दुकानदारानं "अफगाणी, नंबर एक" म्हणून दिली. परवा एका लग्नात दिवसभर घातली, तर ब्लाउजच्या पिवळ्या गळ्यावर निळा डाग पडला. मण्यांत सोनेरी ठिपके तर आहेत. मी फसले का?
*सौ. अ. पा., कोल्हापूर*

नुसत्या डागावरून ते ठरत नाही. माळ खोटी असेल, किंवा खऱ्या लाजवर्दाला वरून रंग दिलेला असेल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि बाजारात दुसरी जास्त आढळते.

आधी एक समजून घ्या. लापिस लाझुली, म्हणजे आपला लाजवर्द, हे पाचू किंवा माणकासारखं एकच एक खनिज नाही. तो खडक आहे. तुमच्याकडच्या भडंगात कुरमुरे, शेंगदाणे, लसूण वेगवेगळे ओळखू येतात, तशी यातली खनिजं डोळ्यांना वेगळी दिसतात. निळा भाग मुख्यतः लाझुराइटचा. पांढऱ्या शिरा किंवा ढगासारखे डाग कॅल्साइटचे. सोनेरी ठिपके पायराइटचे, म्हणजे लोखंड आणि गंधकाच्या खनिजाचे. त्यात सोनं औषधालाही नसतं. निळा एकसारखा, पांढरं जवळजवळ नाही आणि सोनेरी कण मोजके, असा माल सगळ्यांत महाग. पांढरं जास्त असेल तर भाव उतरतो. मग कोणीतरी त्या पांढऱ्या शिरांत निळा रंग मुरवतो, वरून मेण चोळतो आणि मधल्या दर्जाचा माल वरच्या दर्जात नेऊन बसवतो. घामानं मेण सुटतं, पाठोपाठ रंग सुटतो. तुमच्या ब्लाउजवर बहुधा हेच झालं असावं.

मलाही हे असंच कळलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पहिल्या बोनसातून मी लाजवर्दाची एक लड घेतली होती. मे महिना, संध्याकाळची लोकल, गर्दी. घरी येऊन आरशात पाहिलं तर पांढऱ्या ओढणीवर गळ्याभोवती निळा अर्धगोल. रात्री झोप लागली नाही. सकाळी ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचले आणि लड लूपखाली धरली. लूप म्हणजे दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग. पायराइट खरं होतं, लाझुराइटही खरं होतं. पण कॅल्साइटची एक शीर जिथे तिरकी जात होती तिथे ती पांढरी नव्हती, शाईचा पेन फुटल्यासारखी जांभळट निळी झाली होती. मण्याच्या भोकाच्या काठाला टवका गेला होता, तिथे मात्र खालचं शुभ्र कॅल्साइट दिसत होतं. मी दुकानात परत गेले. पैसे परत नकोत, बिलावर "रंग दिलेला" असं लिहून द्या, म्हणाले. त्यांनी पैसे दिले, लिहून दिलं नाही. त्या दिवसापासून मी कोणाच्याही बिलावरचा शब्दच आधी वाचते.

घरी करण्यासारखी एक परीक्षा सांगते. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला नेलपॉलिश काढायचं द्रव, ॲसिटोन असलेलं, थेंबभर लावा. मानेमागे येणारा एक मणी निवडा आणि काडी भोकाच्या आत फिरवा, बाहेरच्या चकाकीला लावू नका. कापूस निळा झाला तर रंग आहे. नाही झाला तरी निश्चिंत होऊ नका, काही रंगांवर पारदर्शक लेप चढवलेला असतो.

मग सोनेरी ठिपके बघा. खरं पायराइट वेडंवाकडं असतं, कुठे एकटा कण, कुठे पुंजका, कुठे शिरेच्या कडेनं ओळ. ते लाजवर्दापेक्षा कठीण असल्यामुळे पॉलिश केलेल्या मण्यावर बारीकसं उंच उरतं. खडा दिव्याखाली तिरका केला की कळतं. खोट्या मण्यांत धातूचा चुरा घातलेला असतो. तो सगळीकडे सारखा पसरलेला आणि रांगोळीत घालतात त्या चमकीसारखा चपटा दिसतो. तुमच्या मण्यांत राखाडी-काळ्या जाळीसारख्या रेषा असतील तर मात्र तो लाजवर्दच नसण्याची शक्यता मोठी. हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट नावाचे पांढरे, स्वस्त दगड निळे रंगवून विकतात. "जर्मन लापिस" आणि "स्विस लापिस" या नावांनी रंगवलेला जॅस्पर नावाचा दगड विकला जातो, त्यात लापिस नसतंच. सोडालाइट नावाचं खनिजही गडद निळं असतं, पण बिनझिलईच्या फरशीवर घासलं तर त्याची रेघ पांढरी उठते, लाजवर्दाची फिकट निळी. ही रेघेची परीक्षा माळेवर करू नका, सुट्ट्या तुकड्यावर करा.

नक्कल आजची नाही, हेही सांगते. इजिप्तच्या तुतानखामुनचा सोन्याचा मुखवटा चित्रात पाहिला असेल. त्याच्या भुवया आणि डोळ्यांभोवतालची काजळरेघ खऱ्या लाजवर्दाची आहे. डोक्यावरच्या वस्त्राचे निळे पट्टे मात्र काचेचे. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी, राजाच्या चेहऱ्यावर, दोन्ही शेजारी शेजारी. काच वापरण्यात मला काही वावगं वाटत नाही. काचेला लाजवर्द म्हणून विकण्यात वाटतं.

तुमच्या माळेचा निकाल एखाद्या प्रयोगशाळेत एक मणी दाखवूनही मिळेल. लाजवर्द खरा आणि रंग वरून दिलेला असं निघालं तर माळ टाकू नका. गडद कपड्यावर घाला.

दुकानदार सगळ्याच लापिसला "अफगाणी" म्हणतात. खरंच सगळा तिथूनच येतो का? आणि इतक्या लांबून पूर्वी कसा येत असेल?
*इतिहासाची एक विद्यार्थिनी, नागपूर*

सगळा नाही. चिलीत अँडीज पर्वतात, उत्तरेकडच्या कोकिंबो भागात याच्या खाणी आहेत आणि चिलीचा तो राष्ट्रीय दगड आहे. त्यात कॅल्साइट जास्त, निळा फिका. रशियात बैकल सरोवराच्या दक्षिण टोकाला स्ल्युद्यांका इथेही मिळतो. पण ज्या निळ्यासाठी माणसं वेडी झाली तो निळा एका दरीतून आला. अफगाणिस्तानच्या ईशान्येला बदक्शान प्रांत, त्यात कोकचा नदी, नदीच्या वरच्या अंगाला कुरान-व-मुंजान जिल्हा आणि तिथे सर-ए-संग. संग म्हणजे दगड, तेच संगमरवरातलं "संग".

तिथे मी गेलेले नाही. पण जॉन वुड नावाच्या माणसाचं वर्णन मी इतक्यांदा वाचलं आहे की तिथल्या छताची काजळी बोटाला लागल्यासारखी वाटते. वुड ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातला लेफ्टनंट. त्या आरमाराचं ठाणं आपल्या मुंबईत होतं. तो ऑक्सस नदीचा, म्हणजे अमुदर्याचा, उगम शोधायला निघाला आणि १८३७-३८ च्या हिवाळ्यात वाटेत या खाणीत डोकावला. खाणकाम कसं चालायचं ते त्यानं पाहून लिहिलं. जिथे फोडायचं तिथे दगडाखाली वाळक्या झुडपांचा जाळ करायचा, ज्वाळा दगडावरून खेळवायच्या. दगड तापून सैल झाला की कामगार म्हणायचे, "नरम" झाला. वुडनं त्यांचा हा शब्द तसाच नोंदवला आहे. आपणही भाकरीला, स्वभावाला आणि बाजारभावाला नरम म्हणतो, आणि बदक्शानचा खाणकामगार तापलेल्या खडकाला म्हणत होता. मग हातोड्यांनी थरामागून थर काढायचे, निळं दिसलं की त्याच्याभोवती खोल चर खणायचे, चरात पहारी घालायच्या आणि तुकडा आजूबाजूच्या दगडासकट सुटा करायचा. मालाच्या प्रतीही त्यानं लिहिल्या आहेत: नीली, आसमानी आणि हिरवट. या नावांना आपल्याला दुभाषा लागत नाही.

"लाजवर्द" हा शब्दही फारसीच. अरबीतून तो युरोपात गेला, तिथे लॅटिन "लाझुलम" झाला आणि लॅटिनमध्ये दगडाला "लापिस" म्हणतात म्हणून लापिस लाझुली. इंग्रजीत आकाशी रंगाला "ॲझ्युअर" म्हणतात, तेही याच शब्दाचं पोर. आपल्या आयुर्वेदातल्या रसशास्त्राच्या ग्रंथांत हा खडा "राजावर्त" नावानं येतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बलुचिस्तानात मेहरगढला सापडलेले लाजवर्दाचे मणी हडप्पा संस्कृतीच्याही कितीतरी आधीचे आहेत. पुढे सिंधू खोऱ्यातल्या लोकांनी तर कोकचा जिथे अमुदर्याला मिळते त्याच्या जवळ, शोर्तुगाई इथे, आपली वसाहतच केली. मोहेंजोदडो-हडप्प्यापासून इतक्या उत्तरेला, डोंगरांपलीकडे, हडप्पा पद्धतीची भांडी आणि विटा मिळाल्या. इतक्या लांब जाऊन घर बांधण्याचं कारण त्या खाणींकडे बघितलं की कळतं.

तिथून हा दगड पश्चिमेला गेला तो थेट सुमेरपर्यंत. लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ दरम्यान इराकमध्ये उर शहराचं उत्खनन केलं. तिथल्या राजघराण्याच्या थडग्यांत, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या, लाजवर्दाची रास होती. पुआबी राणीच्या अंगावर सोनं, लाजवर्द आणि तांबडा अकीक यांचे मणीच मणी. वीणेवर बसवलेल्या सोन्याच्या बैलाला दाढी लाजवर्दाची. विद्यार्थिनी आहात म्हणून आवर्जून सांगते: तो तांबडा अकीक कुठून गेला ते शोधा. उरला मिळालेले लांबट अकीकमणी सिंधू खोऱ्यातल्या कारागिरीचे आणि तो दगड गुजरातचा मानतात. एका सुमेरियन राणीच्या गळ्यात निळा बदक्शानचा आणि लाल आपल्या शेजारचा, एकाच दोऱ्यात.

आजची गोष्ट एवढी देखणी नाही. १९८० आणि ९० च्या दशकांत अफगाण सेनानी अहमदशाह मसूद यांच्या फौजेच्या खर्चाला पाचू आणि लाजवर्दाचा पैसा लागत असे. पुढेही त्या खाणींवर ताबा कोणाचा, यावरून बंदुका चालत राहिल्या. ग्लोबल विटनेस या संस्थेनं २०१६ मध्ये अहवाल काढला. २०१४ या एका वर्षात बदक्शानच्या त्या खाणपट्ट्यातून सशस्त्र गटांच्या हाती सुमारे २ कोटी डॉलर गेले, असा त्यांचा अंदाज होता. कच्चा माल पेशावरच्या नमक मंडी या रत्नबाजारात यायचा, तिथून बराचसा चीनला जायचा, काही जयपूरला येऊन मणी आणि कॅबोशॉन बनायचा. कॅबोशॉन म्हणजे पैलू न पाडता घुमटासारखा घासलेला खडा. लाजवर्द अपारदर्शक असल्यामुळे त्याला पैलू पाडून उपयोग नसतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या पाकिटांवर वजन आणि भाव लिहिलेला असायचा, खाण कधीच लिहिलेली नसायची. तुम्ही विचारलंत तसं गिऱ्हाइकांनी विचारायला लागलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

अजिंठ्याला गाइडनं सांगितलं की चित्रांतला निळा रंग अफगाणिस्तानातल्या दगडाचा आहे. बाकीचे रंग तर तिथल्याच मातीचे आहेत ना? मग हे खरं कसं?
*एक शिक्षक, छत्रपती संभाजीनगर*

तुमच्या गाइडनं बरोबर सांगितलं. तांबडा, पिवळा हे गेरू आणि पिवडीचे, हिरवा हिरव्या मातीचा, काळा काजळीचा, पांढरा चुन्याचा वगैरे. हे सगळं आसपास मिळतं. निळा तेवढा बाहेरून आलेला, लाजवर्दाचा. म्हणूनच अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या, सातवाहन काळातल्या चित्रांत निळा नाही. तो दिसतो पाचव्या शतकातल्या, वाकाटकांच्या काळातल्या लेण्यांत. पुढच्या खेपेला मुलांना घेऊन जाल तेव्हा आधी दहा क्रमांकाच्या लेण्यातली जुनी चित्रं दाखवा, मग एक आणि दोन क्रमांकाच्या लेण्यांत न्या, आणि "इथे काय जास्तीचं आहे?" एवढंच विचारा. उत्तर पोरांना देऊ द्या.

तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की शाळेत हा दगड कुटून रंग करून दाखवता येईल का. कुटला तर हाती राखाडी भुकटी येईल आणि मुलं हिरमुसतील. लाझुराइटबरोबर कॅल्साइट आणि पायराइटही दळलं जातं आणि निळ्याला मारतं. इटलीत चेन्नीनो चेन्नीनी या चित्रकारानं १४०० च्या सुमाराला याची कृती लिहून ठेवली आहे. भुकटी पाइन झाडाची राळ, मस्तकी डिंक आणि मेण यांत मळायची. तो गोळा काही दिवस रोज तिंबत ठेवायचा. मग राखेच्या कोमट क्षारपाण्यात बुडवून दोन काठ्यांनी दाबत राहायचं. निळे कण पाण्यात उतरतात, बाकीचा गाळ गोळ्यातच अडकून राहतो. पहिल्या पाण्याचा रंग सगळ्यांत गडद, दुसऱ्याचा त्याहून कमी, शेवटी राखाडी. चहाच्या एकाच पुडीवर पुन्हा पुन्हा पाणी घालावं तसं. समुद्रापलीकडून आलेला म्हणून युरोपात या रंगाचं नाव "अल्ट्रामरीन" पडलं.

या रंगाशी जोडलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. जर्मनीत दालहाइम नावाच्या गावी मध्ययुगात बायकांचा एक छोटा मठ होता. तिथे पुरलेल्या एका स्त्रीच्या दातांवरचं कीटण शास्त्रज्ञ तपासत होते. ते विरघळवलं तर त्यातून निळे कण सुटले. लाजवर्दाचे. ही बाई साधारण ४५ ते ६० वर्षांची असताना, इसवी सन ९९७ ते ११६२ च्या दरम्यान कधीतरी वारली. संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. निष्कर्ष असा की ती पोथ्या रंगवत असावी आणि बारीक रेघेसाठी ब्रशचं टोक ओठांनी ओलं करून जुळवत असावी. तिचं नाव कुठे नाही, तिची पोथी कोणती ते माहीत नाही. पोथ्या पुरुषच रंगवत असं आपण धरून चाललो होतो, आणि या बाईच्या दातांनी साक्ष दिली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून देवापाशी दिवा लावला होता.

आजी पांढऱ्या कपड्यांना नीळ घालायची. ती नीळ आणि हा दगड यांचा काही संबंध आहे का, की नुसता रंग सारखा?
*र. जो., ठाणे*

संबंध अगदी रक्ताचा आहे. मात्र "नीळ" म्हणून दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात. एक झाडाची नीळ, जिच्यानं कापड रंगवतात. दुसरी, आपल्या आज्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून बादलीत फिरवायच्या ती निळी भुकटी, रॉबिन ब्ल्यूसारखी. ती कृत्रिम अल्ट्रामरीन, म्हणजे कारखान्यात घडवलेलं लाझुराइटच म्हणा.

खरा अल्ट्रामरीन इतका महाग होता की फ्रान्समधल्या उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या एका मंडळानं १८२४ मध्ये, तो स्वस्तात बनवून दाखवणाऱ्याला ६००० फ्रँकचं बक्षीस लावलं. १८२८ मध्ये ते ज्याँ-बातिस्त गिमे यांना मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजायचा. निळेपणा येतो तो गंधकामुळे: तीन-तीन गंधक-अणूंचे गट त्या मातीच्या जाळीत कोंडले जातात, दगडातही आणि भुकटीतही. ज्या रंगासाठी राजे आणि मठ पैसे मोजायचे, तो शंभर वर्षांच्या आत आपल्या मोरीच्या कट्ट्यावर आला. आजीची पुरचुंडी असेल तर ठेवून द्या.

लाजवर्दाच्या अंगठीची चकाकी वर्षभरात गेली. कशी जपावी?
*सौ. मृ. दे., रत्नागिरी*

पत्र वाचून वाटलं, हिला लोणच्याचा हंगाम भोवला. माझी स्वतःची अंगठी अशीच गेली. पन्नास लिंबं चिरली, पिळली, अंगठी बोटातच. दुसऱ्या दिवशी खडा धुतला तर मधोमध पांढुरका, खरबरीत डाग, जिभेला पोळल्यासारखा. आम्ल कॅल्साइटला खातं आणि लाझुराइटलाही विरघळवतं. विद्यार्थी असताना सरांनी लाजवर्दाच्या चुऱ्यावर आम्लाचा थेंब टाकून दाखवला होता. सडक्या अंड्यासारखा वास आला. तो आतला गंधक सुटत होता. लिंबू, चिंच, कोकम, आमसुलं, व्हिनेगर, बाथरूम धुवायचं ॲसिड, यातलं काहीही हाताळताना अंगठी उतरवा. अत्तर आधी, दागिना नंतर. कठीणपणा मोजायच्या, मोह यांच्या एक ते दहाच्या मापानं पाच-साडेपाच, म्हणजे साधी धूळही ओरखडे काढते. पेटीत सोन्याच्या बांगड्यांबरोबर ठेवू नका. सोनाराकडे अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकू देऊ नका. ओल्या मऊ फडक्यानं पुसायचं, लगेच कोरडं करायचं, बस. गेलेली चकाकी खडा पुन्हा घासून परत येते, फक्त तो जरासा बारीक होईल.

नीलम परवडत नाही, म्हणून शनीसाठी लाजवर्द घालायला सांगितलं आहे. चालेल का? आणि राजावर्त भस्म घ्यावं का?
*एक वाचक, जळगाव*

ग्रहांचं मी बोलत नाही, तो माझा अभ्यास नाही. घालायचाच असेल तर रंग न दिलेला, छोटा, खरा खडा घ्या आणि बिल घ्या. नीलमच्या जवळपासचा भाव कोणी लाजवर्दाला सांगत असेल तर उठून या.

भस्माबाबत मात्र ठामपणे सांगते. रसशास्त्रात राजावर्ताचं शोधन, मारण, म्हणजे शुद्ध करून भाजून भस्म करणं, यांची रीत आहे. ते जाणकार वैद्यानं करायचं आणि द्यायचं. बाजारातला मणी कुटून पोटात घेऊ नका. त्यात काय रंग, काय रेझिन मुरवलंय ते मी चौतीस वर्षं पाहिलं आहे.

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून बसऱ्याला गेले होते. तिथून त्यांनी आणलेला एक निळा मणी आमच्या देवघरात आहे. मुलगा म्हणतो काच आहे. सोबत पाठवत आहे. कृपया पाहून सांगा आणि परत पाठवा.
*एक निवृत्त सैनिक, सातारा जिल्हा*

दादा, तुमची डबी सुखरूप मिळाली. मणी कापसात आणि कापूस हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत, त्यामुळे भोकात थोडं कुंकू होतं. ते मी काढलं नाही.

काच नाही. लाजवर्द आहे, रंग दिलेला नाही. लांबी माझ्या करंगळीच्या नखाएवढी, आकार पिंपासारखा, निळा गडद, एका बाजूला कॅल्साइटची बारीक शीर. सोनेरी ठिपके जवळजवळ नाहीत, त्यांच्या जागी तपकिरी खड्डे आहेत. पायराइट पुष्कळ वर्षं ओलाव्यात राहिलं की गंजून झडतं, ते हे. भोक दोन्ही बाजूंनी पाडलेलं आहे आणि मध्ये जरा चुकलं आहे. लूपमधून बघितलं तर आत डमरूसारखी कंबर दिसते. हातानं फिरवायच्या सामत्यानं असंच भोक पडतं. दोन्ही तोंडं दोऱ्यानं घासून गुळगुळीत झाली आहेत, म्हणजे हा मणी कोणीतरी, किंवा कितीतरी जणांनी, गळ्यात वागवला आहे.

तो किती जुना हे दगड सांगत नाही, कारण दगड सगळेच कोट्यवधी वर्षांचे. हातानं भोक पाडण्याची रीतही त्या भागात हजारो वर्षं चालत होती. मराठा पलटणी बसऱ्याहून वर तैग्रिसच्या काठाकाठानं गेल्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ तुर्कांनी कूत गावाला घातलेल्या वेढ्यात आपली माणसं उपाशी अडकली होती. त्या नदीकाठच्या जुन्या टेकाडांत असे मणी सापडतात आणि बाजारांत विकायलाही असत. पणजोबांच्या पलटणीचा नंबर आणि त्यांचं सेवापुस्तक घरात असेल तर मण्याबरोबर ठेवा. मण्याची हकिगतही कागदावर लिहा: कोणी आणला, कुठून, घरात काय सांगत आले.

पॉलिश करू नका, तपकिरी खड्डे भरू नका. सोन्यात मढवायची इच्छा तुम्ही लिहिली आहे, तेही नको. उष्णतेनं रंग बिघडेल. गळ्यात घालायचाच असेल तर रेशमी दोरा घ्या, मण्याच्या दोन्ही बाजूंना गाठ मारा आणि गाठ भोकात शिरणार नाही एवढी मोठी ठेवा. उद्या स्पीड पोस्टानं परत पाठवते आहे, त्याच डबीत. कापूस तेवढा नवा घातला आहे.